मागच्या भट्टीचा कोपरा

बेकरीत दोन भट्ट्या होत्या. पुढची दुकानाला लागून, मागची गोदामाच्या अंधारात. पुढच्या भट्टीतला पाव काचेच्या कपाटात मांडला जाई, मागच्या भट्टीतला खानावळींना आणि इस्पितळाला धाडला जाई. मागच्या भट्टीवर चौदा वर्षं एक बाई काम करत होती. तिला सगळे मागचीच म्हणत. खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

दोन्ही भट्ट्यांवर देखरेख करणारे मेस्त्री महिनाअखेरीला काम सोडणार होते. त्यांची जागा त्यांच्याच भाच्याला द्यायची की मागचीला, हे मालकिणीने त्यांच्यावरच सोपवलं होतं. भाचा सहा वर्षं पुढच्या भट्टीवर होता. मेस्त्रींनीच त्याला तिथे उभं केलं होतं, जसं त्यांना कधीकाळी त्यांच्या चुलत्याने केलं होतं. ही गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसे. लायकी असेल तो पुढे जातो, हे वाक्य त्यांच्या तोंडात मुरलं होतं. मागची अधूनमधून सांगे, की डाव्या कोपऱ्यात धग पोचत नाही, एकदा गवंडी बोलवा. त्यावर मेस्त्रींचं उत्तर ठरलेलं: नाचता येईना, अंगण वाकडं. तिची पगारवाढ दोनदा या म्हणीवरच अडली.

आता त्यांनी जाहीर केलं, की दोघांनी एकेक खेप भाजून दाखवावी. मामाने भाच्याला वर ओढलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. निकाल त्यांना पाठच होता.

पण ठरल्या दिवशी सकाळीच पुढच्या भट्टीच्या तोंडाच्या विटा ढासळल्या. तासाभरात गवंडी हजर झाला. मेस्त्री म्हणाले, दोघांनी मागच्या भट्टीवर पाळीपाळीने भाजा. अंगात लायकी असली की भट्टी कुठलीही चालते.

आधी भाचा. त्याने सवयीने पावांचे पत्रे आत सारले, दार लावलं आणि हात झाडून उभा राहिला. पुढच्या भट्टीवर तेवढंच काम असे. पत्रे बाहेर आले तेव्हा उजवीकडचे पाव कोळशासारखे झाले होते आणि डावीकडचे पांढरेफटक, बोट लावलं की रुतणारे.

भाच्याचा चेहरा उतरला. तो काही बोलायच्या आत मेस्त्रीच पुढे झाले.

"भट्टीतच दोष आहे. पोराचा हात चांगला आहे. कोपऱ्यात धगच पोचत नाही, तर तो तरी काय करणार?"

पाव कागदात गुंडाळणाऱ्या म्हातारीने मान वर केली नाही. "आज अंगण एकाएकी वाकडं झालं वाटतं," ती म्हणाली.

मेस्त्रींना वाटलं, आता मागची टोमणा मारणार. मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ती मुकाट्याने कामाला लागली होती. निखाऱ्यांवर तापत ठेवलेली वीट तिने चिमट्याने डाव्या कोपऱ्यात सरकवली, मग पत्रे सारले. थोड्या थोड्या वेळाने ती दार उघडायची आणि धगीत कोपरापर्यंत हात घालून पत्रे फिरवायची. त्या हातावर भाजल्याच्या जुन्या डागांची रांग होती. मेस्त्रींनी ती चौदा वर्षं पाहिली होती आणि धांदरटपणाच्या खात्यात टाकली होती.

पाव एकसारखे तांबूस निघाले.

"मालकिणीला तुझंच नाव सांगतो," मेस्त्री हळू आवाजात म्हणाले. "लायकी आहे तुझ्यात."

तिने हात पुसले. "चांगली भट्टी असती तर एवढी उठाठेव कशाला शिकले असते, मेस्त्री? नाव सांगा. पण आधी ही दुरुस्त करून घ्या. उद्या इथे दुसरं कुणी उभं राहील."

दुसऱ्या दिवशी भट्टी निवली तेव्हा मेस्त्री स्वतः गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आत हात घातला. डाव्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीला, चार बोटं जातील एवढी भेग होती. बाहेरच्या गल्लीतला गार वारा बोटांना लागत होता. त्यांनी हात बराच वेळ तिथेच ठेवला.

ही केव्हाची, असं गवंडी मागून विचारत होता.

"जुनी आहे," मेस्त्री म्हणाले. "मला सांगितलं होतं."