झांजेची जागा

"इथे झांजा नकोत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वाद्यवृंदाला ताल दाखवायची छडी स्टँडवर ठेवली.

झांजकाका तोवर उभे राहिलेसुद्धा होते. दोन्ही हातांत पितळेच्या जड थाळ्या, चामड्याचे पट्टे मुठींत घट्ट, छाती पुढे. सगळ्यात मागच्या, सगळ्यात उंच पायरीवर उभा राहिलेला माणूस लपून लपणार तरी कुठे? पुढचे व्हायोलिनवाले माना वळवून बघायला लागले. काका क्षणभर तसेच राहिले, मग झांजा हळूच गादीवर ठेवून खाली बसले. "पण नोटेशनमध्ये तर आहेत," असं ते पुटपुटले, तेही शेजारच्या नगारेवाल्याला जेमतेम ऐकू जाईल इतकंच.

मॅडमचे कान तिखट. नोटेशनमध्ये आहेत हे मला ठाऊक आहे, त्या म्हणाल्या. पण आपल्या या राष्ट्रीय वाद्यवृंदाची पहिली रेकॉर्ड याच सिंफनीची, आणि तिच्यात या जागी झांज नाही. तेव्हा वाद्यवृंद चालवणाऱ्या थोरल्या साहेबांनी ती मुद्दाम गाळली. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांकडे ती रेकॉर्ड होती. लहानपणी त्या जमिनीवर उताण्या पडून ऐकायच्या. सगळी वाद्यं चढत चढत शिखरावर यायची, आता काहीतरी कोसळणार असं वाटायचं, आणि काहीच कोसळायचं नाही. पाठीखालची जमीन निघून गेल्यासारखं व्हायचं. "त्या एका जागेसाठी मी या धंद्यात आले," मॅडम म्हणाल्या. "तिथे मी झांज वाजू देणार नाही."

एका तरुण बासरीवालीने डोळे पुसले. झांजकाकांनीही मान डोलावली. दुसरं करणार काय बिचारे? कारण खरी गोष्ट अशी होती की थोरल्या साहेबांनी काहीएक गाळलं नव्हतं. झांजकाका वाजवायला विसरले होते.

ही गोष्ट काकांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हाची. देशाने मोठ्या हौसेने वाद्यवृंद उभा केला होता, पण त्याला स्वतःचं सभागृह नव्हतं. पहिली रेकॉर्ड झाली ती मुलींच्या एका शाळेच्या सभागृहात. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. शाळेच्या घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पोलीस उभा करून हातगाड्या दुसरीकडून वळवल्या होत्या. आणि एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाला मिळून एकच मायक्रोफोन, तोही कपडे वाळत घालायच्या दोरीने छताला बांधलेला. हॉल एका दिवसापुरता मिळालेला आणि टेप तर सोन्याच्या भावाची.

झांजवाल्याचा धंदा म्हणजे काय, तर बसून राहणं आणि मोजत राहणं. बाकीचे घाम गाळत असतात आणि हा आपला मनातल्या मनात मात्रा मोजतो, चुकू नये म्हणून मांडीवर बोटं आपटतो. मोजत मोजत वेळेवर उभं राहायचं, एकदा आपटायचं आणि खाली बसायचं. लोकांना वाटतं काय मजेची नोकरी आहे! पण हजार माणसं श्वास रोखून बसलेली असताना चुकीच्या ठिकाणी झांज आपटून बघा म्हणजे कळेल.

काका तेव्हा वाद्यवृंदात अगदी नवे होते. तालमींत त्यांनी ती सिंफनी रोज ऐकली होती, पण तालीम म्हणजे नुसते तुकडे. थांबा, पुन्हा घ्या, परत थांबा. तिसरा संथ भाग सलग असा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. त्या दिवशी कुणी थांबलं नाही. चेलोंनी ती धून उचलली, मग तिच्यावर व्हायोलिनं आली, मग शिंगं, आणि त्या शाळेच्या हॉलमध्ये असं काही उभं राहायला लागलं की काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. ते वेळेवर उभे राहिले. वेळेवर झांजा उचलल्या. आणि त्यांचं मोजणं थांबलं. कधी थांबलं ते त्यांना कळलंच नाही. माणसांनी, लाकडाच्या आणि पितळेच्या वस्तूंनी हे एवढं मोठं होऊ शकतं, या एकाच आश्चर्यात ते तोंड उघडं टाकून उभे होते. भानावर आले तेव्हा शिखर मागे पडलं होतं, वाद्यवृंद हलके हलके खाली उतरत होता आणि यांच्या झांजा अजून हवेतच होत्या.

नोकरी गेली असं काका धरूनच चालले. साहेबांनी डोळे मिटून टेप ऐकली, मग पुन्हा एकदा वाजवून घेतलं. या खेपेला झांज अगदी जागच्या जागी पडली, सगळं बरोबर झालं, आणि सगळं निवलेल्या चहासारखं झालं. पहिल्या खेपेला जे आलं होतं ते काही पुन्हा आलं नाही. साहेबांनी पहिलीच टेप रेकॉर्डवर चढवली. काकांना रागावले नाहीत की समजूत घातली नाही. जाताना नुसता खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्या हाताचा अर्थ काय होता, हे विचारायचं धाडस काकांना पुढे कधी झालं नाही, आणि साहेब एक दिवस निघून गेले.

रेकॉर्डच्या पाकिटावर मात्र सगळ्यांची नावं छापून आली. सर्वात शेवटी 'झांजा' आणि त्यापुढे काकांचं नाव. काकू तेव्हा इस्पितळात नर्स होत्या, लग्न नुकतंच झालेलं. त्यांनी कौतुकाने वॉर्डातल्या सगळ्या मैत्रिणी घरी बोलावल्या, खुर्च्या शेजारून मागून आणल्या, आणि ती जागा आली तेव्हा सगळ्याजणी कान टवकारून बसल्या. वाजलं काहीच नाही. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे. "झालं, वाजली बरं का!" काकू म्हणाल्या आणि हसता हसता सगळ्यांची मुरकुंडी वळली. तेव्हापासून घरातली ती ठरलेली थट्टा झाली. रेकॉर्ड लागली आणि ती जागा आली की काकू म्हणणार, झालं, वाजली बरं का. मुलं त्याच थट्टेवर मोठी झाली. काकाही हसायचे. हसायचे, पण आत कुठेतरी टोचायचं.

पुढे वाद्यवृंदाच्या कितीतरी रेकॉर्डी निघाल्या. मग कॅसेटी आल्या, मग चकचकीत तबकड्या. त्या सगळ्यांत काका आहेत. पण संचलनांच्या आणि नाचांच्या त्या धुमाळीत ढोल, तुताऱ्या आणि झांजा एकत्रच कोसळणार, त्यातून यांची कुठली ते कोण निवडून काढणार? एकटी, मोकळी, सगळ्यांच्या वर पडणारी झांज त्या एकाच सिंफनीत होती. आणि पहिल्या रेकॉर्डचा दबदबाच असा की तिला पुन्हा हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आता इतक्या वर्षांनी नव्या मॅडमनी ते मनावर घेतलं होतं, आणि हे रेकॉर्डिंग उरकलं की काका निवृत्त व्हायचे होते. ही बातमी घेऊन घरी आले तेव्हा त्यांची स्वारी अशी खूश होती की पायातले जोडेसुद्धा काढले नाहीत. "या वेळी ऐकशील," ते काकूंना म्हणाले होते.

आणि आता हे असं. तालमीचं त्यांनी घरी सांगितलंच नाही. पण या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे काकूंना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ताटात चिवडत बसलेले बघून त्यांनी एकेक करून सगळं काढून घेतलं. आधी त्यांना हसू फुटलं. मग नवऱ्याचा चेहरा बघून त्या थांबल्या.

"मग सांगा ना तिला सरळ, विसरलो होतो म्हणून."

"तिच्या सगळ्या आयुष्याची जागा आहे गं ती," काका म्हणाले. "मी कुठल्या तोंडाने मोडू?"

"आणि तुमच्या आयुष्याची?"

काका उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले.

रेकॉर्डिंगच्या दिवशी घरच्यांना बसायची परवानगी होती. काकू ठेवणीतले कपडे घालून आल्या. आता वाद्यवृंदाचं स्वतःचं सभागृह होतं आणि मायक्रोफोनचं नुसतं रान माजलं होतं. काचेच्या खोलीत एक टेपवाले गृहस्थ बसले होते. टेप कधीच गेली होती, पण नाव मागे राहिलं होतं. तिसऱ्या भागाच्या आधी चहाची सुट्टी झाली तेव्हा मॅडम आपणहून काकूंशी बोलायला आल्या. तुम्ही ती पहिली रेकॉर्ड कितीदा ऐकली असेल नाही, असं काहीतरी आदराने म्हणाल्या. काकांनी बायकोकडे गयावया करून पाहिलं. पण काकूंनी जन्मभर डॉक्टरांना तोंडावर खरं सांगितलेलं, त्या मॅडमना काय भिणार?

"साहेबांनी काही गाळलं नव्हतं हो," काकू म्हणाल्या. "हे विसरले होते."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं काकांना झालं. मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

"मोजणं चुकलं?"

"चुकलं नाही," काका म्हणाले. "थांबलं. मी ऐकत राहिलो."

मॅडम जवळच्या एका वाद्याच्या पेटीवर मटकन बसल्या. रागावल्या असतील असं काकांना वाटलं. पण त्यांचा चेहरा जमिनीवर उताणं पडून ऐकणाऱ्या पोरीसारखा झाला होता. "म्हणजे त्या जागी मी इतकी वर्षं तुमचं ऐकणं ऐकत आले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग चहा तसाच ठेवून उठल्या. दोनदा वाजवू, त्या म्हणाल्या. एकदा झांजेसकट, एकदा झांजेशिवाय. मग बसून ऐकू.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. काका मोजत राहिले. मांडीवर बोटं आपटत, दात आवळून, जीव मुठीत धरून मोजत राहिले. उभे राहिले, झांजा उचलल्या, आणि या खेपेला वाजवल्या. त्या पितळेतून जे निघालं ते सगळ्या सभागृहावरून उजेडासारखं पसरत गेलं आणि कितीतरी वेळ विझलंच नाही. काकांच्या कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पुन्हा लाल दिवा लागला तेव्हा त्यांना काम नव्हतं, बसून राहिले असते तरी चाललं असतं. पण ते वेळेवर उभे राहिले, झांजा उचलल्या आणि तशाच धरून ठेवल्या. मॅडमनी ते पाहिलं.

मग काचेच्या खोलीत मॅडम, टेपवाले, काका आणि काकू बसले. पहिलं वाजवणं लागलं. झांज पडली तशी काकूंनी तोंडावर हात ठेवला. "हे तुम्ही?" त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांची थट्टा त्या पाण्यात वाहून गेली. हेच तर काकांना हवं होतं, एवढंच हवं होतं.

मग दुसरं लागलं. चेलो आले, व्हायोलिनं आली, शिंगं आली. ते चढत गेलं, आणि जिथे कोसळायचं तिथे कोसळलं नाही. वर, आणखी वर, जिथे वर असं काही उरलंच नव्हतं तिथे ते गेलं आणि तिथेच थांबलं. सगळा जन्म याच धंद्यात काढलेले टेपवाले बटणावरचं बोट उचलायला विसरले. काकांना ती शाळा दिसली, घोंगड्या दिसल्या, आणि तोंड उघडं टाकून उभा असलेला तो काळ्या मिशांचा पोरगा दिसला. ते पुन्हा आलं होतं.

"काका, तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल ते घेऊ."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकांचा सगळा जीव पहिल्यात अडकला होता. एक शब्द टाकायचा अवकाश, की त्यांची झांज कायमची राहिली असती, नातवंडांनी ऐकली असती. त्यांनी रुमालाने मिशा पुसल्या.

"दुसरं घ्या," ते म्हणाले. "झांज वाजली की ते संपतं. नाही वाजली की चढतच राहतं."

मॅडमनी मान खाली घातली. टेपवाल्यांनी उगाच चष्मा काढून पुसला.

घरी परतल्यावर दाराशी किल्ली शोधता शोधता काकू म्हणाल्या, "मला पहिलंच आवडलं होतं."

"मलाही," काका म्हणाले.

तबकडी निघाली तेव्हा काका निवृत्त झाले होते. पाकिटावर सर्वात शेवटी 'झांजा' आणि त्यांचं नाव होतं. सुट्टीच्या दिवशी मुलं, सुना, शेजारी सगळे ऐकायला जमले. काकू मांडीवर भांडं घेऊन मटार सोलत बसल्या होत्या. तिसरा भाग चढायला लागला तशी मुलं एकमेकांकडे बघून गालात हसायला लागली, आता आई म्हणणार. काकाही सवयीने हसायच्या तयारीत होते. ती जागा आली. काकूंच्या हातातली शेंग तशीच अर्धी सोललेली राहिली आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांच्याकडे बघून मुलांचं हसू मावळलं.

मग संगीत हलके हलके खाली उतरायला लागलं, आणि काकूंनी ती शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले.