पिशवीतलं गोड तीर्थ

सकाळी आठ वाजता गणपतशेटच्या हौदाभोवती अख्खं देवबाग लोटलं होतं. शाळेला कुलूप लावून मीही गेलो होतो. साल १९५८. मासेमारीची सुती जाळी टिकावीत म्हणून त्या हौदात ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात आणि मोरचुदात बुडवत. ते तपकिरी पाणी झिरपून शेजारची विहीर नासली. लोक म्हणाले, हौद हलवा. शेटजींनी हौद ठेवला आणि बाबा आणला.

बाबाने आदल्या संध्याकाळी एका लुळ्या, पातळ पिशवीत मूठभर खडीसाखरेचा नैवेद्य घालून, तोंड बांधून ती हौदात सोडली होती. आता त्याने ती वर काढली, तर ती टम्म फुगलेली. आतलं पाणी नितळ, आणि चवीला गोड.

"गंगामाई साखर खाऊन प्रसन्न झाली," बाबा म्हणाला. "विहिरीची चिंता सोडा. रोज वाटीभर तीर्थ घ्या, सगळे रोग पसार." पसार होण्यात खुद्द बाबाचाही हात कुणी धरला नसता, असं मला त्याच्याकडे बघून वाटलं.

यशोदा वाटी भरून घेऊन वळली. तिच्या कडेवर दोन वर्षांची शेवंती होती, आठ दिवस ओकून सुकलेली. मला ते बघवेना.

"थांब गो," दवाखान्यातली नर्स जानकी पुढे झाली. तिच्या बादलीत तशीच फुगलेली पिशवी होती. "ह्यां मी काल घराकडे केलंय. पाणी हौदातलां, साखर दुकानातली. मंत्र एकव नाय."

"पिशवी कुठली?" बाबाचा आवाज चिरकला.

"तुमची जंयसून इली, थंयसूनच. खाटकाकडसून. बोकडाचां मूत्राशय."

तीर्थ प्यायलेले चौघे थुंकायला धावले.

मग जानकीने समजावलं. साखर बाहेरचं पाणी आत ओढते. पिशवीची भोकं इतकी बारीक की सालीचा रंग बाहेरच अडतो. पण विरघळलेलं मोरचूद पाण्याबरोबर आत शिरतं, आणि त्याची तुरट चव साखर झाकते. एवढं सांगून तिने बाबाच्या तीर्थात घासलेली लोखंडी सुरी बुडवून ठेवली. थोड्या वेळाने पातं लालसर झालं.

"देवीचं कुंकू उतरलं," बाबा म्हणाला.

"मोरचुदातलां तांबां तां," जानकी म्हणाली. "तांच विहिरीत गेलां, म्हणान यशोदेचां चेडू ओकता."

लोक बाबाला हसले. यशोदा हसली नाही. ती वाटी घेऊन गणपतशेटपुढे उभी राहिली. "शेटानूं, आधी तुमच्या नातवाक पाजा."

शेटजींनी वाटी घेतली नाही. वाडीला तेवढं उत्तर पुरलं. त्याच आठवड्यात हौद हलला आणि विहीर उपसली गेली. शेवंतीच्या पोटात पेज ठरू लागली.

मंडळी, पाणी नितळ दिसलं, गोड लागलं, म्हणून ते चांगलंच असतं असं नाही. तीर्थ हातावर घालणाऱ्याला एवढंच विचारा, की हे तुझ्या घरी कोण पितं?