गाडीत बसणारी लिगाया

नको तिथे नाक खुपसायची संघमित्राची खोड थेट नागपूरपासूनची. आता ती अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहून मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि इथे त्या खोडीला संशोधन म्हणायचे, एवढाच काय तो फरक.

कोरोनाचं पहिलं वर्ष होतं. कॉलेजातल्या फिलिपिनो मुलांवरचा ताण मोजायचं काम तिच्याकडे आलं होतं. झूमवर गाठायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे, शून्य ते चारमधला आकडा घ्यायचा; शून्य म्हणजे कधीच नाही, चार म्हणजे सतत. गेल्या महिन्यात सगळं हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं? चिडचिड किती वेळा झाली? मुलं गोड हसायची, तिला ‘आते’, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई, म्हणायची आणि शून्य सांगून मोकळी व्हायची. प्रोफेसर खूश. ही मुलं फार खंबीर आहेत, त्यांच्यासाठी समुपदेशक नेमायची गरज नाही, असं ते कॉलेजला कळवणार होते.

संघमित्राला मात्र यात कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं.

“तू उगाच ओव्हरथिंक करतेस यार,” रूममेट मैत्री म्हणाली. “झीरो म्हणजे झीरो. सबमिट करून टाक ना.”

“अगं, पण ती लिगाया दर वेळी गाडीत बसून का बोलते? अंगावर ब्लँकेट घेऊन?”

“वायफायचा प्रॉब्लेम असेल.”

“गाडीत काय वायफाय जास्त येतं?”

पुढच्या कॉलला संघमित्राने प्रश्नावली बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, “तू घरात का नाही बसत गं?”

लिगायाची आई नर्स होती, कोविड वॉर्डात. घरी आली की एका खोलीत एकटी राहायची. दुसऱ्या खोलीत दम्याची आजी. हॉलमध्ये धाकट्या भावंडांची ऑनलाइन शाळा.

“म्हणून मी गाडीत अभ्यास करते. कधी कधी झोपतेही.”

“आणि तरी ताण शून्य?”

“आते, ताण आईला आहे. मी तर नुसती बसून असते.”

तेव्हा कुठे संघमित्राची ट्यूब पेटली. ही पोरं आईशेजारी उभी राहून आपली उंची सांगत होती, आणि आईपुढे सगळीच बुटकी. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

“बरं, समज, हेच प्रश्न मी तुझ्या आईला तुझ्याबद्दल विचारले. ती किती सांगेल?”

लिगाया हसली. मग हसू विरलं. “चार,” ती म्हणाली. पुढच्या प्रश्नालाही चार. त्यानंतर तिने ब्लँकेट तोंडावर ओढलं आणि आतून नुसता रडण्याचा आवाज येत राहिला.

प्रोफेसरांनी ते आकडे धरायला साफ नकार दिला. असे मनाने प्रश्न बदलता येत नाहीत म्हणे. “मग ते शून्यही धरू नका,” ती तोंडावर बोलली आणि सगळ्या मुलांना असंच विचारून बघा म्हणून अडून बसली. अखेर त्यांनी विचारलं. आकडे असे चढले की कॉलेजला समुपदेशक नेमावाच लागला.

समुपदेशकाकडची पहिली वेळ लिगायाला मिळाली. संघमित्राने स्वतः फोन करून कळवलं.

“आते, ती वेळ आईला देता येईल का? तिला जास्त गरज आहे.”

“आईसाठी वेगळं बघू आपण. ही तुझी आहे.”

“पण तिथे जाऊन बोलू कुणाबद्दल?”

“स्वतःबद्दल.”

“ते मला येत नाही, आते,” लिगाया म्हणाली.