आकारामच्या दारातली गुढी

"काठी खाली ठेव, अंजना. औंदा आपल्यात सण न्हाई."

बनुबाईने उंबऱ्यातूनच सुनेला दटावले. अंजनाने तिकडे लक्षच दिले नाही. वेळूच्या टोकाला तिने आपली लग्नातली हिरवी साडी चुण्या घालून बांधली, कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी अडकवली, वर तांब्या पालथा घातला.

"का न्हाई? कोण गेलंय आपल्यातलं?"

एकाहत्तरची लढाई संपली आणि अंजनाचा नवरा, फौजेतला मानसिंग बेपत्ता असल्याची तार पलूसजवळच्या या घरात आली. बेपत्ता, एवढेच. पण गावाला कुठे दम निघतो? गावाने त्याला तार आल्यावर तेरा दिवसांच्या आतच मारून टाकले. माणूस गेलेल्या घराने वर्षभर सण करायचा नाही, गुढी तर नाहीच. सासऱ्याने, आकारामनेही होळीला पोळी करू दिली नव्हती. आज तर तो उसाला पाणी पाजायचे निमित्त काढून पहाटेच मळ्यात गेला होता. लोकांच्या गुढ्या त्याला बघवत नव्हत्या.

"होळीला गप बसले, आत्ती," अंजना म्हणाली. "आज काठी उभी न्हाई केली, तर मीच त्यास्नी मारल्यागत हुईल."

गुढी कौलांच्या वर गेली आणि शेजारची शालूबाई मुठीत साखर घेऊन धावत आली. "पत्र आलं व्हय गं? कवा येतोय मानसिंग?" गुढी उभारली म्हणजे पोरगा जिवंत सापडला, असा तिने सरळ हिशेब केला होता. मागोमाग आळीतल्या आणखी बाया आल्या.

"पत्र न्हाई आलं," अंजना म्हणाली. "मेल्याचंबी न्हाई आलं."

शालूबाईची मूठ तशीच राहिली. तेवढ्यात बाया बाजूला झाल्या. आकाराम पळत आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, पटका हातात. तो सोप्यात गेला, माजघरात गेला, गोठ्यातही डोकावला.

"कुठाय? लांबनं गुढी बघितली. म्हटलं, आला."

मळ्यातून गुढी दिसेल, हे अंजनाच्या ध्यानातच आले नव्हते. "न्हाई आलं, मामंजी. मीच उभारली."

आकारामने काठीला हात घातला. अंजनाने खालून ती दोन्ही हातांनी धरली. "मला मारा, पर हिला उतरवू नगा. मेल्याची तार दावा, मी सोता उतरवते."

"सोड गं पोरी," शालूबाई मायेनेच म्हणाली. "मेल्याच्या घरी गुढी शोभत न्हाई."

आकारामचा हात काठीवरच थांबला. तो वळला. "शालूबाई, माझ्या दारात असलं बोलायचं न्हाई. आज सण हाय आमच्यात. बसायचं तर बसा."

कोणी बसले नाही. अंगण रिकामे झाल्यावर आकाराम गुढीपाशी टेकला आणि त्याने हात पुढे केला. अंजनाने कडुनिंबाची पाने दिली. गूळ द्यायचे ती विसरली. त्याने मागितलाही नाही. सगळी पाने तो सावकाश चावत राहिला.

"लांबनं लय चांगली दिसत हुती गं," तो म्हणाला.