वरचा काळोख

आमच्या ह्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द काढायचा म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. उभ्या संसारात माझ्या भाजीला ते कधी 'बरी' म्हणाले नाहीत आणि आमच्या सुमेधच्या पाठीवर कधी हात ठेवला नाही. पण आतषबाजीचा बाण शालिकरामनंच करावा, असं सौंसरपासून बोरगावपर्यंत लोक म्हणायचे. बाण सरसर वर जायचा, शेपूट विझायची आणि मग आभाळात काहीच नसायचं. सगळी वस्ती श्वास रोखून बघायची. विझला की काय, असं वाटेस्तोवर फूल उघडायचं. लोक फुलासाठी यायचे. ह्यांचा जीव मात्र त्या मधल्या काळोखात; तेवढा वेळ फूल थांबवून धरणारी संथ दारू ते स्वतःच्या हातानं कालवायचे.

आता तो काळोख त्यांच्या डोळ्यांतच उतरलाय. शुगरनं डोळे खाल्ले. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, फार प्रखर उजेड असला तर थोडा कळेल कदाचित, पुढे तोही नाही. बाणाचं काम आता सुमेध बघतो. त्यानं तेव्हापासून एकच ध्यास घेतला, की ह्या चौदा एप्रिलच्या जयंतीला आपला बाण बाबांना दिसलाच पाहिजे. पांढऱ्याफेक उजेडासाठी त्यानं दारूत धातूची पूड घातली.

जयंतीच्या संध्याकाळी मोहगावच्या शिवारात, कापूस निघालेल्या मोकळ्या वावरात वस्ती जमली. मी ह्यांना बाजेवर बसवलं आणि हनुवटी धरून तोंड वर केलं. फूल कुठे उघडतं ते मला पाठ होतं.

पहिला बाण सुटला आणि संत्र्याच्या झाडांवर, पार खालीच फुटला. मी आपली ह्यांची हनुवटी आभाळाला लावून बसलेली. असा संताप आला स्वतःचा!

"लवकर फुटला," हे म्हणाले. "थांबवणाऱ्या दारूतई पूड मिसळली त्यानं. धातू पडला का आग भरभर पयते, कुसुम. बाण वर पोचाच्या आधीच फूल उघडते."

"बाबा, दिसलं का?" सुमेध लांबून ओरडला.

"नाही रे!" ह्यांनी उलट हाक दिली.

"थांबा, अजून एक हाय!"

ह्या दुसऱ्यात त्यानं पूड फक्त फुलात घातली होती. थांबवणारी दारू बापाचीच, जुनी, संथ. पण हे आम्हाला मागाहून कळलं.

बाण वर गेला. शेपूट विझली. आणि हे एकदम ओरडले, "दिसलं! दिसलं रे सुमेध! पांढरं झक्क!"

आभाळ काळंभोर होतं.

माझ्या लक्षात आलं. पहिला जेवढ्या वेळात फुटला तेवढाच वेळ मनात मोजून, आवाज यायच्या आत ह्यांनी पोरासाठी खोटं बोलून टाकलं होतं. जन्मात पहिल्यांदा. आणि काळोख काही संपेना. वारा पडला होता. माणसं, झाडं, बाजेवरचे आम्ही दोघं, सगळे त्या काळोखात अलगद तरंगत होतो. हे फूल आता उघडूच नये, असं मला मनापासून वाटलं.

ते उघडलं. दूध सांडावं तसा उजेड वावरभर पसरला, संत्र्याचं पान न् पान दिसलं. ह्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि पापणीसुद्धा हलली नाही. मग आवाज आला. तो ऐकून ह्यांची बोटं माझ्या हातात घट्ट रुतली.

सुमेध चालत आला. त्यानं ती आरोळी काळोखात ऐकली होती, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तो बाजेशी खाली बसला.

ह्यांनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं.

"खोटं बोललो रे मी. मले काईच नाही दिसलं."

"हाव, बाबा."

"पण काळोख..." हे त्याच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाले, "काळोख असा धरला तू, का मलेई कधी जमला नाही."

सुमेध त्यांच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं.