शाब्बास

"काका, तुम्ही तर रोज चालत होता ना?" सिस्टरने रिपोर्ट पुन्हा वाचला. साखर आता काठावर राहिली नव्हती. काठ ओलांडून बरीच पुढे गेली होती.

समोरच्या स्टुलावर इस्त्रीवाले काका अवघडून बसले होते. वर्षभरापूर्वी 'मधुमेह होऊ शकतो, पण टाळता येईल' असं सांगून दवाखान्याने त्यांचं नाव मेसेजच्या योजनेत घातलं होतं. पूर्वी अशा माणसांना सिस्टर स्वतः फोन करायची. मग ते काम मशीनकडे गेलं. रोज सकाळी मेसेज जायचा, 'काल अर्धा तास चाललात का? हो असेल तर १ पाठवा.' काकांचं उत्तर कधी चुकलं नाही. नावापुढे सदानकदा हिरवा ठिपका, म्हणून सिस्टरही निर्धास्त राहिली.

"चालणार कधी?" काका खालमानेने म्हणाले. "सकाळपासून टेबलापाशी उभा. संध्याकाळी पायांचे तुकडे पडतात."

"मग हो का कळवलंत?"

काका जरा घुटमळले. "पहिल्या दिवशी खरंच गेलो होतो. उत्तर धाडलं, तर लगेच आलं, 'शाब्बास! आम्हाला तुमचा अभिमान आहे.' ही गेल्यापासून घरात भिंतींशी बोलतो मी. दुसऱ्या दिवशी जाणं झालं नाही, पण नाही म्हणायला मन धजेना."

"अहो, ते मशीन असतं काका."

"कळतं हो. दूधखुळा नाही मी." ते ओशाळं हसले.

सिस्टरला रागवायचं होतं, पण कुणावर ते उमगेना. गोळ्या कशा घ्यायच्या हे तिने दोनदा समजावलं, पायाला जपा म्हणाली. मग कॉम्प्युटरवर त्यांचं नाव शोधू लागली.

"आता काय?"

"ही योजना आजार टाळण्यासाठी आहे. तुम्हाला तर आता..." तिला नाव सापडलं. "मेसेज बंद होतील."

"म्हणजे नापास झालो म्हणा."

"मी करीन ना फोन. अधूनमधून."

"कशाला? तुमच्यामागे काय कमी व्याप आहेत?"

काका उठले. तपासणीच्या खाटेवरची चादर चुरगळली होती. त्यांनी ती कोपऱ्याला धरून ताणली, तळव्याने एकेक सुरकुती काढली आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईला वाट देत बाहेर पडले.