'विटे'ची परीक्षा

स्मिल्याना वुकेलिचने त्या सकाळी कॉफी उतू घालवली, दुसरी केली, तीही उतू घालवली आणि शेवटी काही न पिताच घराबाहेर पडली. बेलग्रेडमध्ये एप्रिल लागला होता. ट्रामच्या थांब्यावर बायका फुलांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ओठातल्या ओठात ती भाषण घोकत होती.

कारणही तसंच होतं. देशातले सगळे विषतज्ज्ञ ज्या पाठ्यपुस्तकावर वाढले, त्याची नवी आवृत्ती निघणार होती. छपाईला जाण्याआधी त्यातलं काय ठेवावं आणि काय काढावं, हे भर सभेत सांगायचं काम तिच्यावर आलं होतं. पुस्तक इतकं जाड आणि तांबडं, की विद्यार्थी त्याला 'वीट' म्हणत. ते लिहिणारे तिहोमिर गाव्रिच सर, तिचे गुरू, आज पहिल्या रांगेत बसणार होते. सर ऐंशीच्या घरात पोचले होते, पण जिभेची धार तसूभर कमी झाली नव्हती. तोंडी परीक्षेत त्यांनी एकदा एकाला सांगितलं होतं, "तू रुग्णाला हात लावू नकोस बाबा. तोच बिचारा तुला तपासेल."

रुग्णालयाच्या आवारात ओग्न्येन भेटला. विषबाधा विभागातला तिचा सहकारी आणि कॉलेजपासूनचा मित्र. कामावर जाण्याआधीची सिगारेट ओढत उभा होता.

"काय गं, आज म्हाताऱ्याची बिनपाण्याने करणार ना?"

"परीक्षण करणार आहे, ओग्न्येन."

"तेच ते. माझी ड्यूटी नसती ना, तर पुढे बसून शिट्ट्या मारल्या असत्या. बरं, त्या दुसऱ्या प्रकरणाचं काय ठरवलंस?"

"काढून टाका म्हणणार आहे. सगळंच्या सगळं."

"जियो! देवाने ऐकलं."

दुसऱ्या प्रकरणाने पिढ्यान्‌पिढ्यांना पिडलं होतं. रुग्णाला काय विचारावं, एवढ्यावर सरांनी पानंच्या पानं लिहिली होती. काय खाल्लं, कधी खाल्लं, कोणी रांधलं, सोबत कोण जेवलं, कोण नाही जेवलं, का नाही जेवलं, उरलेलं कुठे टाकलं. स्मिल्यानाला ते सगळं म्हाताऱ्या माणसाचं पाल्हाळ वाटे. रक्त तपासलं की कळतंच की, एवढ्या चांभारचौकशा हव्यात कशाला?

आवारापलीकडच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. स्मिल्याना घाबरतच उभी राहिली, पण पहिलं वाक्य तोंडातून निघालं आणि तिला भान राहिलं नाही. आधी तिने चांगलं ते सांगितलं, आणि ते मनापासून होतं. पुस्तकातलं औषधांचं प्रमाण तिने वर्षानुवर्षं रुग्णांवर पडताळलं होतं, कुठेही दगा झाला नव्हता. विषावरच्या प्रत्येक उताऱ्यासोबत तो केव्हा देऊ नये, हेही त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि हे इतर जाडजूड पुस्तकांत शोधूनही सापडत नसे. भाषा अशी, की घाबरलेल्या डॉक्टरलाही घाईत समजावी. गाव्रिच सर डोळे मिटून, दूध प्यालेल्या मांजरासारखे बसले होते.

"आता उणिवा," ती म्हणाली.

सरांनी एक डोळा उघडला.

"पहिली गोष्ट, शेवटची सूची. सर, ती पूर्ण लॅटिनमध्ये आहे."

"मग? डॉक्टरला लॅटिन येऊ नये?"

"डॉक्टरला येतं, सर. रुग्णाला येत नाही. तो म्हणतो, मी स्रेमुश खाल्ला आणि मला मळमळतंय. आता सूचीत स्रेमुश शोधा."

"स्रेमुश हे विष नाही, मुली. ती रानलसूण आहे. माझ्याच घरी कालच—"

"तेच म्हणते मी! लोक विष खातच नाहीत. ते स्रेमुश समजून भलताच पाला खातात. आणि आपलं पुस्तक सुरू होतं विषाच्या नावापासून."

सभागृहात खसखस पिकली. तेवढ्यात तिच्या पुढ्यातला फोन थरथरला. ओग्न्येनचा निरोप होता: 'स्रेमुश. नवराबायको. नाडी चाळिशीच्या खाली. ये.'

यात नवल काही नव्हतं. दर एप्रिलला लोक डोंगरावरून पिशव्या भरून पाला आणत आणि दर एप्रिलला त्यातले काही विभागात येत. म्हणूनच तर तिने ते उदाहरण घेतलं होतं. पण आत्ता? याच क्षणी? तिने निरोप मोठ्याने वाचून दाखवला.

गाव्रिच सर काठी टेकत उठले. "चल. ती वीटही घे बरोबर. बघू तरी, कोणाचं खरं ठरतं, तुझं की माझं."

विभागात ओग्न्येन पलंगापाशी उभा होता. विभागाची 'वीट' उजव्या हातात धरून त्याने डाव्या हाताची बोटं तीन वेगवेगळ्या ठिकाणी खुपसली होती. त्यामुळे चौथं पान उलटायला त्याला हातच उरला नव्हता.

"स्रेमुशसारखी दिसणारी पानं तीन," तो घाईघाईने म्हणाला. "म्राझोवात्स, जुर्जेवाक आणि चेमेरिका. एक पेशी मारणाऱ्या विषांत लिहिलंय, एक हृदयाच्या, आणि तिसरं पार शेवटी. तिन्हींचे उपचार वेगळे! रक्त पाठवलंय, पण अहवालाला वेळ आहे."

सरांनी त्या अडकलेल्या बोटांकडे पाहिलं.

पलंगावर दारिंका नावाची म्हातारी बादलीत वाकली होती. शेजारच्या पलंगावर तिचा नवरा स्तानोये पांढराफटक पडला होता. दोघांना गाडीत घालून आणणारा जावई, नेबोयशा, भिंतीला टेकून घाम पुसत होता.

स्मिल्यानाने तोंड उघडलं आणि प्रश्न आपसूक बाहेर पडू लागले.

"आजी, कधी खाल्लंत?"

"आत्ताच, नाश्त्याला. पाला भरून पीटा भाजली होती. ह्यांनी दिव्चिबारेच्या डोंगरावरून पाला आणला—"

"स्रेमुश मी लहानपणापासून ओळखतो!" स्तानोये कण्हत म्हणाला.

"ओळखतोस तर! मेले मी तुझ्या ओळखीने!"

"त्रास केव्हा सुरू झाला?"

उत्तर जावयाने दिलं. "लगेच. आई ताटल्या विसळायला उठल्या, त्या नळापाशीच खाली बसल्या. मागोमाग बाबा."

"तुम्हाला काही होत नाहीये?"

"मी खाल्लीच नाही. हिरवं काही खात नाही मी. बायको म्हणते, त्यामुळे मी लवकर मरणार."

ओग्न्येनला हसू आवरेना. पण स्मिल्यानाच्या डोक्यात झरझर दारं उघडत होती. म्राझोवात्स असता, तर इतक्या लवकर काही झालं नसतं. तो अर्धाअर्धा दिवस दबा धरून बसतो आणि मग घात करतो. तो गेला. उरले दोन, आणि दोन्ही नाडी मंद करणारे.

"पाला उरलाय का थोडा? कच्चा?"

"गाडीत पिशवी आहे. बायको म्हणाली, डॉक्टर मागतील."

"पळा!"

नेबोयशा पळाला. मॉनिटरच्या पडद्यावरचा नाडीचा आकडा आणखी खाली घसरला आणि दारिंकाची मान कलली. ओग्न्येनने सुई भरायला घेतली. जावई धापा टाकत परत आला तेव्हा पिशवीवर गाव्रिच सरांनी झडप घातली. काठी सोडून त्यांनी एक पान उजेडात धरलं, नाकाशी नेलं, उलटं केलं आणि खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"लसणाचा वास नाही. घड्या बघ, पंख्यासारख्या. आणि ही बघ लव! हात लावून बघ, स्मिल्याना. जुर्जेवाक गुळगुळीत असतो."

तिने बोट फिरवलं. मऊ, बारीक लव. "चेमेरिका!"

"चेमेरिका!" सर ओरडले, जणू हरवलेला भाऊ भेटला.

तिने वीट उघडली. शेवटाकडच्या त्या प्रकरणात सगळं होतं. अॅट्रोपिन, प्रमाण, किती वेळाने पुन्हा द्यायचं, आणि मोठ्या अक्षरांत: 'नाडी भराभर सुधारते. धीर सोडू नये.' ओग्न्येनने आधी दारिंकाला औषध टोचलं, मग स्तानोयेला. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. आकडा हलला. थांबला. मग चढायला लागला, पन्नास, साठ, आणि सत्तरीला पोचताच नेबोयशाने ओग्न्येनला घट्ट मिठी मारली.

"सोडा हो," ओग्न्येन म्हणाला, "माझी नाडी बंद पडेल."

स्मिल्यानाला नाचावंसं वाटत होतं. तरीही उघड्या पानावर तिची नजर पुन्हा गेली.

"सर, हे चित्र."

"काय झालं चित्राला? उत्तम आहे."

"फुलाचं आहे. भर उन्हाळ्यातलं, माणसाच्या छातीइतकं वाढलेलं झाड. लोक पाला खुडतात एप्रिलमध्ये. फूल आल्यावर याला स्रेमुश समजणार कोण?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र डोळ्यांजवळ नेलं, आणि मग खदखदून हसत सुटले. "इतकी वर्षं! इतक्या वर्षांत एका गाढवाला दिसलं नाही! आणि पहिलं गाढव मी!"

दोघं सभागृहात परतली तेव्हा कोणी जागचं हललेलं नव्हतं. स्मिल्यानाने काय घडलं ते सांगितलं. मग टिपणांतलं एक पान बाजूला ठेवून म्हणाली, "दुसरं प्रकरण काढून टाका, असं मी आज इथे सांगणार होते. नका काढू. मघाशी मी जे जे विचारलं, ते सगळं तिथलं होतं, आणि मला ते कळलंही नाही. लांब आहे, कंटाळवाणं आहे, निम्मं करा. पण ठेवा."

"निम्मं?" सर गरजले.

"निम्मं, सर. आणि जुन्या राजांवर झालेल्या विषप्रयोगांची प्रकरणं पूर्ण काढा. विभागात अजून एकही राजा आलेला नाही."

यावर जे भांडण जुंपलं, ते जेवणाची वेळ टळली तरी मिटलं नाही. लॅटिन सूचीशेजारी लोकांच्या तोंडची नावं घालायला सर तयार झाले. विषापासून नव्हे तर ताटापासून सुरू होणारं एक नवं प्रकरणही त्यांनी मान्य केलं, म्हणजे माणसाला काय खाल्लंसं वाटतं आणि खरं काय खाल्लेलं असू शकतं, याचं. राजांना मात्र ते हात लावू देईनात.

"नवं प्रकरण लिहिणार कोण?" कोणीतरी मागून विचारलं.

"जिने वीट फोडली, ती," सर म्हणाले. "आणि रविवारी घरी ये. राजांवर बोलू. भरपूर राकिया प्यावी लागेल."

तिसऱ्या प्रहरी ती विभागात गेली. दारिंका उशीला टेकून बसली होती आणि सूप पातळ आहे म्हणून कुरकुरत होती. स्तानोयेने पाठ फिरवली होती.

"आजोबा, तुमच्या पाल्याचे फोटो काढू का? पुस्तकात हवेत."

तो झटकन वळला. "पुस्तकात? नाव टाकाल माझं?"

"टाका की," दारिंका म्हणाली. "नावाखाली लिहा, लहानपणापासून ओळखतो."

स्मिल्याना हसत खिडकीपाशी गेली. कट्ट्यावर एक पांढरा टॉवेल पसरून तिने त्यावर पानं ओळीने मांडली, काही सुलटी, काही उलटी. उन्हाची तिरीप नेमकी लवेवर पडली होती. तिने फोन अगदी जवळ नेला आणि श्वास रोखून धरला.